कमरखाचे (स्टारफ्रूटचे) झाड: किती थंडी, किती ऊन आणि किती वारा सोसते?

प्रश्न – माळरान

नमस्कार. माझ्या बागेत कमरखाची दोन झाडे आहेत. दोन्ही बियांपासून वाढवलेली असून आता पुरुषभर उंचीच्या वर गेली आहेत. इथली हवा कोरडी आहे. उन्हाळ्यात दुपारचे तापमान 42 अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि त्या दिवसांत पश्चिमेकडून गरम वारा सतत वाहतो. हिवाळ्यातील बहुतेक रात्री 8 ते 10 अंशांच्या असतात, पण एखाद्या वर्षी पारा 2 अंशांपर्यंतही उतरतो. जमीन चुनखडीची आहे आणि विहिरीचे पाणी जड (क्षारयुक्त) आहे.

पावसाळ्यात झाडे जोमाने पालवतात, परंतु उन्हाळा लागला की पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळतात आणि हिवाळ्याच्या शेवटी बरीचशी पाने पिवळी पडून गळतात. गुलाबी-जांभळी फुले भरपूर येतात, फळ मात्र एखाददुसरेच टिकते. याउलट समुद्राजवळ राहणाऱ्या माझ्या एका परिचितांच्या झाडाला वर्षातून दोनदा फांद्या वाकतील इतकी फळे लागतात, आणि त्यांनी त्यासाठी विशेष काही केल्याचे मला दिसलेले नाही. माझी बहीण बर्फ पडणाऱ्या थंड प्रदेशात राहते, तिलाही हे झाड कुंडीत लावायचे आहे.

हे झाड नेमकी किती थंडी आणि किती उष्णता सहन करते? पाने वाळण्याचे कारण तापमान, पाणी की जमीन, हे कसे ओळखावे? आणि फुले येऊनही फळ धरत नसेल तर दोष हवामानाचा मानावा की झाडाचा? वेगवेगळ्या हवामानांत ज्यांनी हे झाड वाढवले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर – फळबाग

आपण हवामानाचे वर्णन नेमके दिले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. कमरखाविषयी विचारताना बहुतेक जण थंडीचा आकडा आधी विचारतात. माझ्या मते तो दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न वाऱ्याचा. तरीही आकड्यांपासूनच सुरुवात करतो.

हे झाड मूळचे आग्नेय आशियातील उष्ण आणि दमट प्रदेशातले आहे. साधारण 21 ते 32 अंशांच्या दरम्यान त्याची वाढ सर्वांत चांगली होते आणि पारा 13 ते 16 अंशांच्या खाली राहू लागला की वाढ जवळजवळ थांबते. म्हणजे आपल्याकडील हिवाळ्यात झाड मरणाच्या वाटेवर नसते, ते केवळ थांबलेले असते. शून्य अंशाच्या आसपास पाने जळू लागतात, त्याहून एक-दोन अंश खाली गेल्यास कोवळ्या फांद्या आणि लहान रोपे दगावतात. जून झालेले झाड आणखी काही अंश सोसू शकते, पण तेही थोडाच वेळ, आणि पुढच्या बहराची किंमत मोजूनच. दक्षिण फ्लोरिडात कमरखाची व्यापारी लागवड आहे, तिथेही थंडीच्या लाटेचे भय अधूनमधून असतेच. तेव्हा 2 अंशांची एखादी रात्र आपल्या वाढलेल्या झाडांना मारणार नाही. नव्या रोपाला मात्र त्या रात्री संरक्षण लागेल.

उष्णतेची वरची मर्यादा एका आकड्यात सांगता येत नाही, कारण 38 अंशांची दमट दुपार आणि 38 अंशांची कोरडी, वाऱ्याची दुपार या झाडाच्या दृष्टीने पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. कमरखाची पर्णिका (संयुक्त पानातील एकेक लहान पान) पातळ असते. कोरडा वारा सुटला की पानांतून बाहेर जाणारे पाणी मुळांनी पुरवलेल्या पाण्यापेक्षा अधिक होते आणि सर्वांत दूर असलेला भाग, म्हणजे पानाची कड, आधी वाळते. जमिनीत ओल असतानाही हे घडू शकते, म्हणूनच आळ्यात आणखी पाणी सोडल्याने प्रश्न सुटत नाही. कडक उन्हात या झाडाच्या पर्णिका खाली झुकून मिटतात. रात्रीही मिटतात आणि जोराचा धक्का बसला तरी मिटतात. दुपारी मिटलेली पाने संध्याकाळी किंवा सकाळी पूर्ववत होत असतील तर काळजीचे कारण नाही, ते झाडाचे स्वसंरक्षण आहे.

आता कारण ओळखण्याविषयी. झाडाभोवती एकदा सावकाश फिरावे. वाऱ्याच्या बाजूची पाने आडोशाच्या बाजूपेक्षा स्पष्टपणे अधिक जळालेली असतील, तर दोष वाऱ्याचा आहे. सर्व बाजूंच्या जुन्या पानांची टोके आणि कडा सारख्याच करपलेल्या असतील, तर पाण्यातील किंवा जमिनीतील क्षारांचा संशय घ्यावा, कारण हे झाड खारटपणा सोसत नाही. नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळसर असेल, तर लोहाची कमतरता समजावी. आपल्याकडे या तिन्ही गोष्टी एकाच वेळी असण्याची शक्यता आहे, म्हणून प्रत्येक लक्षण वेगळे पाहावे.

वाऱ्याचा बंदोबस्त हा कोरड्या प्रदेशातील कमरखासाठी खतापेक्षाही महत्त्वाचा आहे असे मी आग्रहाने सांगेन. सततच्या वाऱ्याने पाने गळतात, कोवळी टोके मरतात, झाड खुरटते आणि फळांच्या धारा एकमेकींवर घासून त्यांवर डाग पडतात. पश्चिमेच्या बाजूला दाट पण वारा थोडा झिरपू देणारे कुंपण असावे. सलग भिंत उभारल्यास वारा तिच्यावरून उसळून पलीकडे भोवरे निर्माण करतो, आणि झाड नेमके त्या भोवऱ्यात सापडते. उंच झुडपांची दुहेरी रांग सर्वांत उत्तम. ती वाढेपर्यंत खांबांवर शेडनेट उभे ताणले तरी चालते. कमरखाची रोपे विरळ सावलीत चांगली वाढतात, त्यामुळे तीव्र उन्हाच्या प्रदेशात तिसऱ्या प्रहरानंतर सावली मिळेल अशी जागा निवडणे शहाणपणाचे. दिवसभर गर्द सावली मात्र नको, कारण तिथे झाड हिरवेगार दिसते आणि फळत नाही.

हिवाळ्याच्या शेवटी होणारी पानगळ काही प्रमाणात नैसर्गिक आहे. थंडीचा ऋतू असलेल्या प्रदेशांत हे झाड नव्या पालवीच्या आधी जुनी पाने टाकते. फांद्यांची टोके हिरवी आणि लवचीक असतील तर त्या पानगळीवर कोणताही उपचार करण्याची आवश्यकता नाही.

उत्तर – मातीपरीक्षक

वरील उत्तराशी सहमत आहे. जमिनीचा भाग थोडा विस्ताराने मांडतो, कारण आपल्या पिवळ्या पानांचे मूळ तिथेच असावे.

कमरखाला किंचित आम्लधर्मी जमीन मानवते. जमिनीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) 7 च्या वर गेला की लोह, मँगनीज आणि जस्त जमिनीत असूनही मुळांना मिळत नाहीत. चुनखडीच्या जमिनीत नेमके हेच होते. अशा जमिनीत साधे फेरस सल्फेट टाकल्यास त्यातील लोह लवकरच न विरघळणाऱ्या स्वरूपात जाते आणि झाडाला त्याचा फारसा लाभ होत नाही. त्याऐवजी उच्च सामूतही टिकणारे चिलेटेड लोह, म्हणजे ईडीडीएचए प्रकारचे, पाण्यात मिसळून आळ्यात द्यावे. ते झाडाच्या वाढीच्या काळात द्यावे, थंडीत देऊन उपयोग नाही. जस्त आणि मँगनीज यांची मात्र पानांवर फवारणी करावी, आणि तीही नवी पालवी पूर्ण उघडत असताना, कारण कोवळे पान ती अधिक चांगली शोषते.

एक बाब अनेकांच्या लक्षात येत नाही: जमीन गार झाली की मुळांचे काम मंदावते आणि अन्नद्रव्ये उपलब्ध असूनही पाने पिवळी पडतात. हिवाळ्यातील पिवळेपणा उन्हाळ्याच्या तोंडाशी आपोआप कमी होत असेल, तर तो थंड जमिनीचा परिणाम होता असे समजावे. जो पिवळेपणा पावसाळ्यातील नव्या पानांवरही दिसतो, तोच खऱ्या अर्थाने चुनखडीचा.

जड पाण्यावर पावसाचे साठवलेले पाणी हा उत्तम उपाय आहे, परंतु ते पुरेसे नसल्यास रोज थोडे थोडे पाणी देण्याऐवजी काही दिवसांनी भरपूर पाणी देऊन क्षार मुळांच्या खाली जाऊ द्यावेत. पालापाचोळ्याचे चांगले वीतभर जाड आच्छादन करावे आणि ते खोडापासून थोडे दूर ठेवावे. आच्छादनाने ओल टिकते, उन्हाळ्यात वरच्या थरातील मुळे भाजत नाहीत, आणि ते कुजत जाते तसा तेवढ्या थरातील मातीचा पोत सुधारतो. फुलोऱ्यापासून फळ काढेपर्यंत जमीन एकदाही पूर्ण कोरडी होऊ देऊ नये; त्या काळात ताण बसला तर फुले आणि लहान फळे गळतात.

माळरान

आपण दोघांनी सांगितल्याप्रमाणे झाडे नीट पाहिली. दोन्ही झाडांची पश्चिमेची बाजू स्पष्टपणे अधिक करपलेली आहे, आणि शेंड्याकडील नव्या पानांच्या शिरा हिरव्या व मधला भाग फिकट आहे. म्हणजे वारा आणि लोह ही दोन्ही कारणे दिसतात. फुलांविषयीचा प्रश्न मात्र अजून बाकी आहे. मागील पावसाळ्यात वारा नव्हता, ओल पुरेशी होती आणि मधमाश्याही येत होत्या, तरीही फळ जवळजवळ धरले नाही.

उत्तर – कलमबाग

आपल्या या वर्णनावरून दोष हवामानापेक्षा झाडांच्या जातीत असावा असे वाटते.

कमरखाच्या झाडांत दोन प्रकारची फुले आढळतात, आणि एका झाडावर एकाच प्रकारची असतात. काही झाडांच्या फुलांत स्त्रीकेसराची मान लांब आणि पुंकेसर आखूड असतात, तर काहींत याच्या उलट. अनेक झाडांना फळ धरण्यासाठी दुसऱ्या प्रकारच्या झाडाचे पराग लागतात. आपली दोन्ही झाडे एकाच प्रकारची निघाली असतील, तर कितीही मधमाश्या आल्या तरी फळधारणा तुरळकच राहील. एक ताजे फूल उभे चिरून साध्या भिंगाखाली पाहावे. दोन्ही झाडांची फुले शेजारी ठेवली की फरक आहे की नाही हे लगेच कळते.

बियांपासून वाढवलेल्या झाडाची आणखी एक अडचण अशी की त्याच्या फळाचा आंबटपणा, आकार आणि फळ धरण्याची क्षमता यांपैकी कशाचीच खात्री देता येत नाही. म्हणून जिथे हवामान अनुकूल नाही, तिथे तर कलमाचाच आग्रह धरावा, कारण तिथे झाडाने हवामानाशी झगडावे आणि शिवाय जातीचाही दोष सोसावा हे फार झाले. फ्लोरिडातील ‘अर्किन’ ही जात एकटी असली तरी चांगली फळते आणि तिचे फळ गोड असते. जगात अनेक ठिकाणी ती लावली जाते. थायलंडची ‘फ्वांग तुंग’, मलेशियातील ‘बी-10’ आणि ‘बी-17’, हवाईची ‘कारी’ याही नावाजलेल्या जाती आहेत, परंतु त्यांतील काहींना सोबतीला दुसरी जात द्यावी लागते. मलेशियातील बागांत दोन जाती एकत्र लावण्याची पद्धत याच कारणाने रूढ आहे.

आपली वाढलेली झाडे काढून टाकू नयेत. त्यांची मुळे आपल्या जमिनीत रुळलेली आहेत, हा मोठा लाभ आहे. एका झाडाच्या दोन-तीन फांद्या छाटून त्यांवर येणाऱ्या नव्या फुटव्यांवर चांगल्या जातीचे कलम करावे. बी लावून नव्याने सुरुवात केल्यास फळाला तीन ते पाच वर्षे लागतात. कलम साधारण एक-दोन वर्षांत फुलते. कुणाला खुंटासाठी (ज्या रोपावर कलम बांधतात त्यासाठी) बी लावायचेच असेल, तर ते फळातून काढल्यावर लगेच पेरावे, कारण ते सुकले की काही दिवसांतच उगवण्याची क्षमता गमावते.

आता बहर धरण्याविषयी, कारण कोरड्या आणि थंड अशा दोन्ही हवामानांत ही गोष्ट उपयोगी पडते. कमरखाला फुले येण्यासाठी विशिष्ट थंडीची गरज नसते. झाड वाढीत असताना फांद्यांची छाटणी केली की उरलेल्या भागावर सुमारे तीन आठवड्यांत फुलोरा दिसू लागतो. दक्षिण फ्लोरिडातील अभ्यासात हे स्पष्टपणे दाखवले गेले आहे. फूल जुन्या, जाड फांद्यांवरही येते, त्यामुळे छाटणीने फळ जाईल ही भीती बाळगू नये. फळ धरल्यापासून पिकेपर्यंत साधारण 60 ते 75 दिवस लागतात, गार हवेत त्याहून अधिक. हा हिशेब मांडला तर आपल्याकडे पावसाळ्याच्या अगदी सुरुवातीला हलकी छाटणी करावी, म्हणजे फुलोरा दमट हवेत येईल, फळ त्याच हवेत भरेल आणि कडाक्याची थंडी येण्याआधी उतरवता येईल. उन्हाळ्याच्या तोंडावर आलेला बहर आपल्या हवामानात टिकण्याची आशा कमी आहे; तो वेळीच खुडून झाडाची शक्ती वाचवावी असे माझे मत आहे. सर्व फांद्या एकाच वेळी छाटू नयेत, कारण उघडे पडलेले खोड कडक उन्हाने भाजते.

उत्तर – समुद्रकाठ

दमट हवेतील झाडे काही न करता फळतात हे खरे आहे, पण त्या फळांतील किती खाण्याजोगी उरतात, हेही आपल्या परिचितांना विचारावे. माझे झाड उष्ण, दमट आणि भरपूर पावसाच्या प्रदेशात आहे आणि इथला सर्वांत मोठा त्रास फळमाशीचा आहे. माशी पिकू लागलेल्या फळात अंडी घालते आणि बाहेरून सुंदर दिसणारे फळ आतून किडलेले निघते. मलेशियात फळे लहान असतानाच त्यांवर कागदी पिशव्या चढवतात, आणि घरगुती झाडासाठी याहून खात्रीचा उपाय नाही. पिशवी चढवताना घोसातील वेडीवाकडी फळे काढून टाकली तर उरलेली फळे मोठी होतात. गळलेली फळे झाडाखाली पडू दिली तर सर्व कष्ट वाया जातात, ती रोज वेचून नष्ट करावीत.

जास्त पावसाविषयी एक दिलासा असा की हे झाड काही आठवडे पाणी साचलेले सोसू शकते, जे अनेक फळझाडांना जमत नाही. तरीही निचरा होणारी जागाच निवडावी. समुद्राच्या अगदी समोर मात्र ते लावू नये. खाऱ्या वाऱ्याने पानांची टोके जळतात आणि ते दृश्य आपल्या कोरड्या वाऱ्याने करपलेल्या झाडासारखेच असते.

उत्तर – काचघर

आपल्या बहिणीसाठी लिहितो. माझ्याकडे हिवाळ्यात तापमान शून्याच्या बरेच खाली जाते आणि कमरख कुंडीत आहे. अशा प्रदेशात हे झाड केवळ उन्हाळ्यापुरते बाहेरचे आणि उरलेल्या काळात आतले, ही गोष्ट सुरुवातीलाच स्वीकारावी.

कलमी रोपच घ्यावे, शक्यतो ठेंगणे राहणारे. ‘मेहर ड्वार्फ’ ही जात त्यासाठी ओळखली जाते. लहान कुंडीतून टप्प्याटप्प्याने मोठ्या कुंडीत न्यावे आणि शेवटची कुंडी 40 लिटरच्या आसपास असावी. मिश्रण किंचित आम्लधर्मी आणि निचऱ्याचे असावे. रात्रीचे तापमान 10 अंशांच्या खाली जाण्याआधी कुंडी आत घ्यावी. आत आल्यावर दोन धोके असतात. पहिला म्हणजे तापवलेल्या खोलीतील कोरडी हवा, जिच्यामुळे पाने गळतात आणि पानांमागे कोळी ही बारीक कीड वाढते; त्यासाठी पाने अधूनमधून कोमट पाण्याने धुवावीत आणि कुंडी हवा तापवणाऱ्या यंत्रापासून दूर ठेवावी. दुसरा धोका थंड, ओल्या मातीचा. वाढ थांबलेल्या झाडाला उन्हाळ्याइतकेच पाणी दिले तर मुळे कुजतात. वरची माती सुकल्याशिवाय पाणी देऊ नये आणि खत वसंतापर्यंत बंद ठेवावे.

प्रकाश कमी असल्याने पाने गळली तरी फांद्या हिरव्या असेपर्यंत झाड टाकून देऊ नये. वसंतात बाहेर काढताना आधी सावलीत, मग हळूहळू उन्हात न्यावे, कारण आतल्या मंद प्रकाशात आलेली पाने थेट उन्हात एका दिवसात भाजतात. फळाची अपेक्षा माफक ठेवावी. गार हवेत पिकलेले फळ लहान आणि आंबट राहते, आणि कमरख काढल्यानंतर गोड होत नाही, म्हणून ते पूर्ण पिवळे होईपर्यंत झाडावरच ठेवावे.

माळरान

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फुले चिरून पाहिली. दोन्ही झाडांच्या फुलांची रचना अगदी एकसारखी आहे, म्हणजे कलमबाग यांचा अंदाज बरोबर ठरतो. आता हिवाळा जवळ आला आहे. शेडनेट उभारणे, लोह देणे आणि कलम करणे यांपैकी आधी काय करावे?

उत्तर – फळबाग

शेडनेटचे खांब आताच रोवून घ्यावेत आणि पश्चिमेला झुडपांची रांगही आताच लावावी, म्हणजे उन्हाळ्याचा वारा येईपर्यंत ती रुजलेली असेल. नत्रयुक्त खत या दिवसांत अजिबात देऊ नये. त्याने कोवळी पालवी फुटते आणि थंडीत तीच आधी जळते. पारा फार उतरण्याचा अंदाज असेल त्या दिवशी जमिनीला पाणी द्यावे, कारण ओली जमीन दिवसाची ऊब अधिक साठवते. थंडीने एखादी फांदी काळवंडली तरी ती लगेच छाटू नये. मेलेला भाग कुठे संपतो हे नवी फूट आल्यावरच कळते.

लोहाचे द्रावण आणि कलम या दोन्ही गोष्टी थंडी सरून फूट हलू लागल्यावर कराव्यात. कलम एकाच झाडावर करावे आणि दुसरे तसेच ठेवावे. कलमासाठी आपल्या झाडांपेक्षा वेगळ्या प्रकारचे फूल असलेली जात निवडली, तर आज वांझ दिसणारे दुसरे झाडही फळू लागण्याची चांगली शक्यता आहे.

फळे येऊ लागली की आपण ती शेजारीपाजारी वाटाल, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी कमरख किंवा त्याचा रस थोडासुद्धा घेऊ नये. या फळात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असते आणि शिवाय कॅरॅम्बॉक्सिन नावाचे, मज्जासंस्थेवर परिणाम करणारे द्रव्य असते, जे ब्राझीलमधील संशोधकांनी 2013 मध्ये ओळखले. निरोगी मूत्रपिंड ते बाहेर टाकते; विकारग्रस्त व्यक्तीला न थांबणारी उचकी, संभ्रम, झटके आणि प्रसंगी मृत्यूही संभवतो. कुणालाही फळ देताना ही चौकशी आधी करावी.